धर्माचा रकाना

पावसाळा सुरू झाला की भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. आसपासच्या शेतांतली तोडणी गोण्यांमधून येते, लांबलांबच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात, आणि नवखा माणूस बाजारात शिरला की पहिल्या पाच मिनिटांत त्याला ठसका लागतो. गावकऱ्यांना लागत नाही. ज्या गोष्टीची सवय झाली तिचा ठसका लागत नाही. मग ती मिरची असो की कागदावरचं खोटं.

मला हा परिसर आठवतो तो मात्र एका कर्जाच्या अर्जामुळे. गोष्ट १९८८ ची आहे. त्या भागातली काही गावं आमच्या शाखेकडे होती आणि मी तिथे शेतीकर्जाचं काम पाहत असे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र असं काही घ्यायला कर्ज द्यायचं आणि त्यातला काही वाटा सरकारने अनुदान म्हणून भरायचा. शेतमजुराला किमतीच्या एक तृतीयांश अनुदान आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला निम्मं. सहा हजारांची म्हैस असेल तर एकाला दोन हजार, दुसऱ्याला तीन. मधला फरक हजार रुपयांचा. आज हा आकडा किरकोळ वाटेल. तेव्हा ती शेतमजुराची दोन-अडीच महिन्यांची मजुरी होती.

एके दिवशी एक जोडपं म्हशीच्या कर्जासाठी आलं. भूमिहीन माणसं, मिरची तोडायला आणि कापूस वेचायला जाणारी. पंचायत समितीकडून आलेल्या यादीत त्याचं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावर जात होती ‘हिंदू मांग’. मी अर्ज भरला, निम्म्या अनुदानाचा आकडा लिहिला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. त्याला थोडं वाचता येत असे. रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “सायेब, हे खोडा. आमचा बाप्तिस्मा झालाय.”

मी समजूत घातली. दाखला सरकारी आहे, शिक्का आहे, कोणी विचारणार नाही. तो म्हणाला, “कागद खराय सायेब, पण त्यातला मानूस आता मी नाई.” शेजारी उभी असलेली त्याची बायको मात्र गप्प बसली नाही. “लेकरांच्या तोंडचं काहून काढता?” असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. खरं सांगायचं तर मीही तिच्याच बाजूने होतो, आणि माझं कारण तिच्याइतकं चांगलं नव्हतं. मार्चअखेर जवळ आली होती आणि अनुसूचित जातींच्या प्रकरणांचं आमचं उद्दिष्ट अपुरं होतं. त्याच्या प्रामाणिकपणाने माझ्या तक्त्यातला एक आकडा कमी होणार होता. मी त्याला जरा तोडूनच सांगितलं, “घरी जाऊन विचार कर. बँकेला देवाशी देणंघेणं नाही.”

दोन दिवसांनी तो परत आला आणि त्याने एक तृतीयांशाचा अर्ज भरायला लावला.

पुढे हप्ते वेळच्या वेळी येऊ लागले. ख्रिस्ती मंडळींत कमाईचा दहावा भाग देवाच्या कामासाठी बाजूला काढायची रीत आहे. त्याला दशमांश म्हणतात. हा माणूसही एका पत्र्याच्या डब्यात तो टाकत असे. एकदा मी गमतीने विचारलं, “आधी दशमांश की आधी आमचा हप्ता?” तो म्हणाला, “दोन्ही पैसे माझे नव्हतेच, सायेब. माझं ते ऱ्हायलेलं.” वसुलीच्या तंत्रावर मी पुष्कळ प्रशिक्षणं घेतली. इतकी सोपी व्याख्या त्यांत ऐकली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एकाने, जो त्याच प्रार्थनेला त्याच सतरंजीवर बसायचा, मुकाट्याने ‘हिंदू मांग’ लिहून निम्मं अनुदान घेतलं. त्याला चार मुलं होती आणि घरात आजारी आई. कायद्याच्या दृष्टीने ते चूक होतं. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी सही केली. पहिल्याला मी खोचकपणे म्हणालो, “बघ, तुझा भाऊबंद शहाणा निघाला.” त्याने उत्तर दिलं नाही. त्या दुसऱ्याची वैरण संपली तेव्हा यानेच आपल्यातल्या दोन पेंढ्या त्याच्या दारात नेऊन टाकल्या, हे मला नंतर कळलं.

मी ख्रिस्ती नाही. पण रोजच्या जगण्यात ख्रिस्ती श्रद्धा कशी दिसते असं कोणी विचारलं तर मला चर्चचा मनोरा आठवत नाही; तो खोडायला लावलेला रकाना आणि त्या दोन पेंढ्या आठवतात. आणि दोहोंतली कोणती गोष्ट अधिक अवघड होती याचा निकाल अजून लागलेला नाही. स्वतः खरं बोलणं अवघड असतं. पण आपण किंमत मोजून खरं बोललो असताना, न बोलणाऱ्याला कमी न लेखणं त्याहून अवघड असावं.

जालना जिल्ह्यातल्या या श्रद्धेचा एक धागा फार मागे जातो. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही त्याच वाटेने जायचं होतं, पण तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केलं; त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं की नाही यावरून मोठा वाद झाला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. नारायणराव पुढे पाद्री झाले, जालन्याला आले आणि त्यांनी काम केलं ते मुख्यतः मांग समाजात. निजामाच्या राज्यात सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची वसाहत उभी केली. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचं घर. नुसतं प्रार्थनेपुरतं घर नव्हे. माणसाला स्वतःची शेती आणि कामधंदा असावा, कोणाच्या ओसरीखाली हात पसरून उभं राहावं लागू नये, हा त्यामागचा विचार. उपाशी माणसाला सांगितलेला देव त्याच्या भाकरीपासून वेगळा काढता येत नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

धर्म रोजच्या वस्तूंत उतरायला वेळ लागतो, हे आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या वर्षांत प्रश्न धर्मग्रंथांचा कमी आणि स्वयंपाकघराचा जास्त होता: पाणी कोणाच्या हातचं, पंगत कोणाबरोबर, सोवळं कुठवर. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळतं की ते सोवळं कोणाच्या प्रवचनाने सुटलं नाही. बाईंनी स्वतः विचार केला आणि मग एकेक भांडं, एकेक घोट असं ते सुटत गेलं. नवऱ्याचा धर्म एका दिवसात बदलला. घरच्या पाण्याचा धर्म बदलायला पाच वर्षं लागली.

लक्ष्मीबाईंना सोडायचं होतं ते सोवळं त्यांच्या हातात होतं. बेथेलच्या किंवा आमच्या तालुक्यातल्या माणसाला सोडायची होती ती जात इतरांच्या हातात होती. बाप्तिस्मा झाला तरी घर त्याच वस्तीत, विहीर तीच आणि वाटेवर मारली जाणारी हाकही तीच. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. या प्रश्नाचा विचार करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये आयोग नेमला गेला.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. ख्रिस्ती धर्म जात मानत नाही म्हणता, तर मग जातीची सवलत कशी मागता, असं विचारलं जातं. आधीच अपुऱ्या ताटात आणखी हात आले तर आमच्या मुलांचं काय, ही हिंदू आणि बौद्ध दलितांची धास्तीही खरी आहे. पहिल्या प्रश्नाला चर्चनेच प्रामाणिक उत्तर दिलं आहे. भारतातल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचं आपलं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चच्या आतही अस्पृश्यता शिल्लक असल्याची कबुली दिली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताट मोठं करण्यात आहे आणि ते सरकारने द्यायचं आहे.

पण मला बोलायचं आहे ते कायद्याहून लहान गोष्टीविषयी. ज्या समाजात एका गरिबाला आपल्या देवाचं नाव खरं लिहिण्यासाठी दोन-अडीच महिन्यांची मजुरी मोजावी लागते, तिथे त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेणारे आपण कोण? “रविवारी एक आणि कचेरीत एक” असं म्हणून आपण अशा माणसांना हसतो. बँकेत मीही हसलो आहे. धर्माचा रकाना भरताना मला आजवर एक पैसाही खर्च आलेला नाही. फुकटात मिळालेल्या खरेपणाचा आपल्याला फार अभिमान असतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकही भरत नाही. या आकड्यात माझा पहिला कर्जदार बहुधा असेल, दुसरा बहुधा नसेल. पेंढ्या ज्याच्या दारात टाकल्या गेल्या त्याची श्रद्धा मोजायला कोणत्याही प्रगणकाकडे रकाना नाही.

२०२७ च्या जनगणनेत धर्माबरोबर प्रत्येकाची जातही नोंदवली जाणार असल्याचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. तुमच्या-माझ्या दारात प्रगणक येईल, आपण चहा विचारू आणि दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे होऊ. त्याच दिवशी कुठल्यातरी वस्तीत एक नवरा-बायको त्याच दोन शब्दांवरून एकमेकांकडे बघत थांबतील. तो बघेल खरेपणाकडे, ती बघेल लेकरांकडे, आणि दोघांचंही बरोबर असेल.

त्या वेळी समोर लेखणी घेऊन बसलेला माणूस माझ्यासारखा घाईत नसावा, एवढंच मागणं आहे.