टोकियोत जामीन कोण राहणार?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जपानचं कौतुक दर आठवड्याला येतं. हरवलेलं पाकीट परत मिळतं, शाळेत मुलंच वर्ग झाडतात, गाडीला जरा उशीर झाला तरी माफी मागतात. त्यातलं बरंचसं खरं आहे आणि मलाही ते आवडतं. पण या मंगळवारी ‘जपानी माणूस परक्याला कधी दुखवत नाही’ असा मजकूर आला, तेव्हा माझ्या भाच्याचा टोकियोहून नुकताच फोन येऊन गेला होता. परदेशी म्हणून त्याला पुन्हा एकदा घर नाकारलं होतं. मी ग्रुपवर तसं लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘त्याचंच काहीतरी चुकलं असेल.’

जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं, त्यांच्यापैकी ३९.३ टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. जपानी जामीनदार नाही म्हणून नकार मिळालेले ४१.२ टक्के. ‘परदेशी नकोत’ असं जाहिरातीत वाचूनच माघार घेतलेले २६.८ टक्के. एवढ्या सगळ्यांचं काहीतरी चुकलं असेल?

भाच्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. स्टेशनजवळचं एजंटचं दुकान, काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेले घरांच्या आराखड्यांचे कागद. त्याने निवडलेलं घर ‘वन-के’, म्हणजे एक खोली आणि वेगळं चिमुकलं स्वयंपाकघर. खोली सहा तातामी चटयांची, म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. टेबलापलीकडची मुलगी अतिशय अदबीने बोलत होती. तिने मालकाला फोन लावला, वय सांगितलं, नोकरी सांगितली, पगार सांगितला. पलीकडून होकाराचे हुंकार भाच्यालाही ऐकू येत होते. मग तिने आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘परदेशी आहेत, चालेल का?’ पलीकडे शांतता. तिने फोन ठेवला, वाकून क्षमा मागितली, तो कागद पालथा घातला आणि गठ्ठ्यातला पुढचा काढला. ‘मावशी, तिने मला काहीही वाईट सांगितलं नाही,’ भाचा म्हणाला. ‘पण कागद असा उलटा ठेवला ना, तेव्हा लागलं.’

मालकाची बाजूही मी समजून घेतली आहे. पुष्कळदा तो काही बडा बिल्डर नसतो. म्हातारा माणूस असतो, चार-सहा खोल्यांच्या भाड्यावर त्याचं म्हातारपण चाललेलं असतं. जळणारा कचरा भलत्याच दिवशी बाहेर आला की शेजारी त्याच्याकडे तक्रार घेऊन येतात. भाडेकरू भाडं थकवून मायदेशी निघून गेला तर वसुली कुठे करणार? शिवाय तिथला कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. नेहमीच्या करारात मुदत संपली तरी सबळ कारण दाखवल्याशिवाय मालकाला घर रिकामं करून मागता येत नाही. एकदा आत घेतलेला माणूस काढता येत नाही, म्हणून सगळी चाळणी दारातच लागते. त्या चाळणीत एकटे राहणारे जपानी वृद्धही अडकतात; खोलीत एकट्याने मरण आलं तर पुढे ती खोली कोण घेणार, या भीतीने. घर मिळवणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी तिथे २००७ पासून वेगळा कायदा आहे आणि त्यात वृद्ध, अपंग, गरीब यांच्या जोडीला परदेशीही धरले आहेत. भीती मला कळते. पण पगार, नोकरी सगळं पसंत पडल्यावर, माणसाला एकदाही न भेटता दिलेला नकार हा अन्यायच आहे. मालक म्हातारा आहे म्हणून तो अन्याय सौम्य होत नाही.

आता पैशांचं. दरमहा ऐंशी हजार येन भाड्याच्या घरासाठी एजंटने मांडलेला हिशेब भाच्याने मला पाठवला. पहिल्या महिन्याचं भाडं, एक महिन्याचं डिपॉझिट (शिकिकिन), एक महिन्याचं ‘रेइकिन’, एक महिन्याची दलाली आणि तिच्यावर कर, जामीन कंपनीला अर्ध्या महिन्याचं भाडं, आगीचा विमा, कुलूप बदलण्याचा खर्च. बेरीज पाच महिन्यांच्या भाड्याच्या घरात. डिपॉझिट निदान कागदोपत्री परत मिळायचं असतं. २०२० पासून लागू झालेल्या सुधारित दिवाणी संहितेत तर नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही, हे स्पष्टच लिहिलं आहे. रेइकिन मात्र मालकाचे आभार म्हणून द्यायचं आणि विसरायचं. मुंबईतला पागडी देणारा माणूस निदान जागेवर काही हक्क तरी मिळवतो. रेइकिन देऊन हातात काहीच येत नाही. हल्ली रेइकिन न घेणारी घरं बरीच असतात, तेव्हा जाणाऱ्या मुलांनी ती आधी शोधावीत. टोकियोत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांनी करार वाढवतानाही एक महिन्याचं भाडं वर द्यावं लागतं. ते फार जास्त नसेल तर वैध आहे, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे.

पण पैसे जमवता येतात. जामीनदार कुठून आणायचा?

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशिकासाई नावाचा भाग आहे. २००० साल उजाडताना संगणकांच्या वाय-टू-के दुरुस्तीसाठी भारतीय इंजिनिअर जपानला जाऊ लागले, तेव्हा त्यांना घरं मिळेनात. त्या भागात जगमोहन चंद्रानी हे चहाचे व्यापारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून राहत होते. त्यांनी या पोरांसाठी घरमालकांशी बोलणी केली, जेवणाची सोय लावून दिली. जवळच सरकारी ‘यूआर’ संस्थेच्या इमारती होत्या. तिथे जामीनदार लागत नाही, रेइकिन नाही, दलाली नाही, करार वाढवण्याची फी नाही. उत्पन्नाची अट मात्र पुरी करावी लागते. त्या इमारतींत भारतीय बिऱ्हाडं वाढत गेली आणि आज निशिकासाई म्हटलं की टोकियोत लोकांना भारतीय आठवतात. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. भारतीय इंजिनिअरांचं कौतुक आपण खूप करतो. पण कुणीतरी मालकासमोर बसून ‘ही माणसं चांगली आहेत, द्या यांना जागा’ असं सांगितलं, म्हणून ती तिथे टिकली. चंद्रानींचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता जामिनाचं काम कंपन्या करतात. दिवाणी संहितेतल्या २०२० च्या त्याच बदलानंतर व्यक्ती जामीन राहणार असेल तर तिची कमाल जबाबदारी किती, ती रक्कम करारात लिहावी लागते. कागदावर आकडा दिसला की सख्खा काकाही दचकतो, त्यामुळे कंपन्यांचं काम आणखी वाढलं. पण या कंपन्यांच्या अर्जातही ‘तातडीच्या वेळी संपर्क’ असा रकाना असतो आणि बहुधा त्यांना जपानमध्ये राहणाराच माणूस हवा असतो. नव्याने उतरलेल्या पोराने कुणाचं नाव लिहायचं? भाच्याचा अर्ज त्या रकान्यापाशी अडला होता. त्याच्या ऑफिसात नाशिकचे एक गृहस्थ आहेत, धड ओळखही झाली नव्हती. कँटीनमध्ये त्यांच्या कानावर हे गेलं, तसा त्यांनी अर्ज मागून घेतला आणि स्वतःचं नाव, पत्ता, फोन लिहून दिला. अर्ज मंजूर झाला. खोली जरा लांब मिळाली आहे, छताला दिवा नाही, गॅसची शेगडीसुद्धा स्वतःच आणायची आहे. ते सगळं तो करेल.

जपानमध्ये स्थिरावलेल्या मराठी वाचकांना मला सांगायचं आहे की या रकान्यातल्या माणसावर पैशांची काहीही जबाबदारी नसते. भाडं थकलं तर ते जामीन कंपनी भरते आणि भाडेकरूकडून वसूल करते. तुम्हाला फार तर एक फोन येईल, ‘तुमच्या ओळखीचा हा मुलगा फोन उचलत नाही, जरा निरोप द्याल का?’ कुणी नवं पोर विचारायला आलं तर एवढं कराच, आणि जमलं तर त्याने विचारायची वाट न पाहता करा.