नदीपलीकडे

गेल्या मार्गशीर्षात थोरल्या बंधूंनी माझ्यावर एक जोखमीचे काम सोपविले. त्यांचा नातू रविवार पेठेतील आमच्या तीन पिढ्यांच्या दुकानात बसण्यास तयार नाही. त्याला पक्ष्यांचा अभ्यास करावयाचा आहे. "तू बँकेत माणसे पारखलीस, आता त्याला समजाव," असे ते म्हणाले. नातवाने मात्र अट घातली, "छोटे आजोबा, आधी माझ्याबरोबर सायकलवरून दिवाडी पाहा." सायकलींचे शहर म्हणविणाऱ्या जुन्या पुण्यात माझी उमेदवारी सायकलवरच गेली होती. मी होकार दिला.

दिवाडी हे गोव्यातील मांडवी नदीतले बेट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने, भाड्याच्या सायकलींसह आम्ही सकाळी तेथे उतरलो. वाट खाजण शेतीतून जाते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी बांध घालून त्यांत दारे बसविली. भरतीच्या दाबाने दार मिटते, ओहोटीला उघडते. आवक-जावकीचा हा हिशेब पाहून माझ्यातला बँकवाला सुखावला.

खारफुटीजवळ नातू हलक्या आवाजात दाखवू लागला : हा खंड्या, तो पंख वाळवीत बसलेला पाणकावळा, ती चिखलावर उड्या मारणारी निवटी. पुढे बांधालगत बगळे चरत होते. त्याने सायकल थांबविली. "आपण पुढे गेलो तर ते उडतील, त्यांचे खाणे मोडेल." आम्ही पंधरा मिनिटे उभे राहिलो. जीवदया मी पाठशाळेत पाठ केली होती. हा मुलगा ती आचरत होता.

बेटाच्या उत्तर भागात सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान आहे. गोव्याच्या कदंब राजांनी आपल्या सुवर्णनाण्यांवर याच दैवताचे नाव कोरले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देऊळ पाडले गेले. भाविकांनी शिवलिंग नदीपार नार्वे येथे नेले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. त्याच डिचोली तालुक्यात कुडणे येथे एका प्राचीन जैन मंदिराचे अवशेष आहेत. तेथे भिंती उरल्या, पूजा उरली नाही. नार्व्यात जागा बदलली, पूजा टिकली.

नार्व्याच्या फेरीबोटीत, सूर्यास्तापूर्वी दशम्या खाताना, मी त्याला समजवावयाचे ठरविले होते. पण शब्द फुटेना. १९८२ मध्ये मी स्वतःच दुकान सोडून बँकेत गेलो होतो. वडील कित्येक महिने माझ्याशी बोलले नव्हते. मला जाता आले, कारण बंधू गल्ल्यावर बसले. त्यांनाही एम.कॉम. करावयाचे होते. हे ऋण मी चाळीस वर्षांत एकदाही मुखाने मान्य केले नव्हते.

पुण्यास परतल्यावर नातवाविषयी बोलण्यापूर्वी मी बंधूंना हेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "त्या अभ्यासक्रमाची फी किती आहे?"

दुकानाचे पुढे काय, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. मात्र तो एकट्या नातवाच्या नावे टाकावयाचा नाही, एवढे आम्हा दोघा भावांत ठरले आहे. वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा मुलगा असेल. त्याला समजावण्यापूर्वी एक दिवस त्याच्याबरोबर सायकलवर जाऊन पाहावे.