यंत्र हाती दिले, शिक्षिका कोठे आहे?

परिचारिकांच्या शिक्षणात ‘डिजिटल क्रांती’ झाल्याचे ढोल गेली काही वर्षे जोरात वाजविले जात आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम नव्याने आखला आणि त्यात आरोग्य-माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय घातला. हे योग्यच झाले. औषधाची मात्रा, दोन औषधांचा परस्परविरोध, एखाद्या तपासणीचा अर्थ रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्या उभ्या पाहता येणे ही खरी सोय आहे. जाडजूड ग्रंथ काखेत मारून कोणी वॉर्डात फिरत नाही. तेव्हा वाद यंत्राशी नाही. ते कोणाच्या जागी आणले जात आहे, याविषयी आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. रुग्णाला ५०० मि.लि. सलाइन आठ तासांत द्यावयाचे आहे. मोबाइल क्षणात सांगतो: मिनिटाला २१ थेंब. पण हे उत्तर २० थेंबांचा एक मि.लि. होणाऱ्या सेटचे. सेट १५ थेंबांचा असेल तर उत्तर १६ येते. हा आकडा सेटच्या वेष्टनावर छापलेला असतो, आणि वेष्टन बहुधा आधीच्या पाळीतच कचऱ्याच्या बादलीत गेलेले असते. त्यातून सुई शिरेबाहेर सरकून हात सुजू लागला असेल, त्वचा गार पडली असेल, तर ते कोणत्या पडद्यावर दिसणार? ते बोटांना कळते; आणि बोटांना कळावे म्हणून शेजारी उभी राहून “येथे दाबून पाहा” असे सांगणारी अनुभवी शिक्षिका लागते.

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असा कौन्सिलचा दंडक आहे. कित्येक खासगी संस्थांत तो तपासणीच्या दिवसापुरता पाळला जातो. एरवी वॉर्डातील अपुऱ्या मनुष्यबळाची तूट शिकाऊ मुलींनी भरून काढायची, हा संस्थाचालकांचा जुना हिशेब. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तेथेही शिकाऊ मुली वॉर्डाचे काम उपसतच शिकत होत्या. आता या हिशेबाला आधुनिकतेचा मुलामा मिळाला आहे. “सर्व काही अ‍ॅपमध्ये आहे, पाहून घ्या,” असे एकदा म्हटले की शिक्षिकेचा पगार वाचतो आणि चुकीचे खापर मात्र मुलीच्या माथी फुटते. हे मोबाइलही तिने स्वतःच्या पैशाने घेतलेले! केरळातून कर्नाटकात कर्ज काढून शिकावयास आलेल्या मुलीच्या डोक्यावर हा आणखी एक भार.

‘फुकट’ मिळणाऱ्या माहितीचीही चिकित्सा व्हावयास हवी. अमेरिकेत खिशातील छोट्या संगणकांवर एपोक्रेट्स हा औषधकोश विनामूल्य मिळू लागला, तेव्हा त्याच पडद्यावर औषध कंपन्यांनी पैसे मोजून पाठविलेले संदेशही येत असत. कंपन्यांनी धर्मादाय काढला आहे असे मानण्याइतके भोळे कोणी राहू नये.

२०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. अ‍ॅप इंग्रजीत, यंत्र वारंवार बंद पडणारे, आणि माहिती भरली नाही तर मानधनावर गदा! त्या सेविकांना कोणी तंत्रज्ञानाच्या वैरिणी म्हणावे काय? जिला ते वापरावयाचे तिला न विचारता लादलेले यंत्र त्यांनी नाकारले, इतकेच.

विद्यार्थी संघटनांनी व परिचारिकांच्या युनियननी हाच धागा पुढे न्यावा. यंत्र महाविद्यालयाने आपल्या खर्चाने पुरवावे. त्यातील औषधकोश जाहिरातमुक्त असावा, इंटरनेट नसतानाही चालावा आणि मुलींना समजणाऱ्या भाषेत असावा. त्याच यंत्रातून त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवली जाऊ नये. आणि दहा मुलींमागची ती एक शिक्षिका हजेरीपटावर नव्हे, सकाळच्या पाळीत वॉर्डात हजर असावी. आधीच्या मागण्या मान्य करून ही शेवटची टोलविण्याचा प्रयत्न संस्थाचालक करतील. वाटाघाटीला तिच्यापासूनच आरंभ करावा.