वणव्याचा धूर आणि बेटावरची माणसे

जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर वणवा भडकला. सुमारे १९ हजार लोकांना हलवावे लागले. काहींना तर समुद्रकिनाऱ्यावरून बोटींनी. जगभर चर्चा झाली ती पर्यटकांच्या सुटकेची. पर्यटक विमानाने घरी परतले. घर आणि रोजीरोटी तिथेच असलेल्या बेटवासीयांना मात्र धुराशी सामना करतच दिवस काढावे लागले.

धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. दमा, सीओपीडी, हृदयविकार असलेल्यांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना त्यांचा त्रास अधिक. ओला रुमाल हे कण अडवत नाही. चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क बरेच कण अडवतो. खिडक्या बंद ठेवाव्यात, तर कडक उन्हाळ्यात उष्माघाताची भीती. म्हणून प्रत्येक गावात निदान एक थंड, धूरमुक्त खोली हवी.

बेटावर रस्ते मोजके. ते बंद झाले की इनहेलर, इन्सुलिन आणि डायलिसिसचा प्रश्न तासाभरात उभा राहतो. आपत्ती आराखड्यात बंब आणि बोटींबरोबरच अशा रुग्णांची गाववार यादी व औषधांचा साठाही असला पाहिजे. हे काम उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच करायचे असते.