काट्यावर न दिसणारा फायदा

नेमानं चालायला लागलेली माणसं मध्येच थांबतात, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे वजनकाटा. महिना-दीड महिना फिरून झाल्यावर जेमतेम अर्ध्या किलोचा फरक दिसतो, एवढं चालून काय मिळालं असं वाटतं आणि बूट कपाटात जातात. ही निराशा समजण्यासारखी आहे. नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही. ते उतरवायचं तर आधी ताटाकडे पाहावं लागतं. पण मधुमेह आणि कॅन्सर या दोन आजारांपुरतं बोलायचं, तर चालण्याचा बराचसा फायदा काट्याला दिसतच नाही, आणि तो दिसत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांचं नुकसान फार मोठं आहे.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं 2006 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मला फार महत्त्वाचा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांना त्यात वेगवेगळ्या गटांत विभागलं होतं. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यापैकी 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहारावर आणि रोजच्या चालण्यावर सतत लक्ष ठेवलं, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. आणि या दुसऱ्या गटाचं वजन काही म्हणावं तसं घटलं नव्हतं! याचं उत्तर स्नायूंत आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना त्यासाठी इन्सुलिन लागतं. चालताना आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेऊ लागतो, आणि पुढे काही तास इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. चरबीचा एक ग्रॅमही कमी न होता हे घडतं.

कॅन्सरचा दुवा इथेच जुळतो. इन्सुलिनचं काम साखरेपुरतं नाही. ते पेशींना वाढायलाही सांगतं. शरीर दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड वर्षानुवर्षं जास्तीचं इन्सुलिन सोडत राहिलं, तर ती वाढीची सूचना नको त्या पेशींपर्यंतही पोचते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या 889 रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी 90 टक्के रुग्ण हयात होते. ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली त्यांच्यात 83 टक्के. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे झपाझप चालणं. दोन्ही गटांच्या वजनात आणि कमरेच्या घेरात इथेही लक्षणीय फरक नव्हता. एखाद्या नव्या गोळीनं एवढा फरक दाखवला असता तर ती पहिल्या पानाची बातमी झाली असती.

मग लठ्ठपणाची काळजी करायचीच नाही का? तसं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2016 मध्ये 13 प्रकारच्या कॅन्सरचा संबंध जास्तीच्या चरबीशी जोडला. त्यात गर्भाशय, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर येतो. त्या वयात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं. पण चरबी आणि वजन एकच नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचं 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं छायाचित्र पाहावं. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, ते या दोन आकड्यांत कळतं. म्हणून ‘मी कुठे जाड आहे’ हा युक्तिवाद आपल्याला परवडणारा नाही. काट्याऐवजी कमरेला टेप लावावी: पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि बायकांनी 80 ही मर्यादा धरावी.

आक्षेप आणखीही आहेत. रोज धावणाऱ्यालाही कॅन्सर होतो, हे खरंच आहे. चालण्यानं धोका कमी होतो, संपत नाही, आणि तंबाखूचं पाप तर चालून अजिबात फिटत नाही. ‘दिवसभर घरकाम करते, वेगळा व्यायाम कशाला’ हा प्रश्न जास्त रास्त आहे. श्वास वाढवणारं काम जमेस धरलंच पाहिजे, पण ओट्यापाशी तासन् तास उभं राहण्यानं श्वास वाढत नाही, पाय तेवढे दुखतात. 2022 मध्ये भारतातल्या निम्म्याच्या आसपास प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती, आणि बायकांची स्थिती पुरुषांपेक्षा वाईट होती. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. संध्याकाळी बाईनं एकटीनं अर्धा तास चालायचं म्हटलं, तर फुटपाथ हवा, त्यावर दिवा हवा, आणि तेवढा वेळ घरच्या भाकऱ्या दुसऱ्या कुणीतरी थापायला हव्यात. रुग्णांचंही तेच. केमो संपली की ‘आता फक्त आराम करा’ असं घरचे मायेनंच सांगतात. त्या अभ्यासातल्या रुग्णांमागे तीन वर्षं कुणीतरी विचारपूस करणारं होतं, म्हणून ते चालत राहिले. उपचार संपलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली फिजिओथेरपिस्टकडची पहिली तारीख लिहिलेली असावी, एवढी मागणी तरी आपण आता करायला हवी.