वेगळा निधी की वेगळा पाणवठा?

“तुमच्या वस्तीला वेगळा निधी येतो ना? मग गावाच्या निधीत कशाला वाटा मागता?”

बेंबळी आणि आसपासच्या गावांत काम करताना हे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते कुणा एकाचं मत वाटत नाही. तो गावगाड्याचा नवा नियम झाला आहे. सरपंच कुणाचाही असो, पक्ष कुठलाही असो, रस्त्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. आणि खरं दुखणं पुढे आहे: आपल्यातलेही बरेच जण ते ऐकून मान डोलावतात.

या परिसरातलं एक गाव घ्या. नाव मुद्दाम देत नाही, कारण हे गाऱ्हाणं एका गावाचं नाही. चौकापासून शाळेपर्यंत सिमेंटचा रस्ता झाला. बौद्ध वस्तीच्या वळणावर तो थांबला. वस्तीतला रस्ता कधीकाळी वस्तीच्या योजनेतून झाला होता. आता त्याची खडी उघडी पडली आहे आणि शेवटच्या आठ-दहा घरांपुढे तर निव्वळ काळी माती. आपल्याकडची काळी माती पावसात काय करते हे इथल्या माणसाला सांगायला नको. लेकरं चपला हातात घेऊन वळणापर्यंत येतात, तिथे पाय धुतात आणि मग शाळेला जातात. ग्रामसभेत आम्ही विचारलं, शाळेचा रस्ता वळणावर का थांबला? उत्तर मिळालं, “पुढचं तुमच्या योजनेत बसतं.” बाहेर पडताना वस्तीतली एक आजी म्हणाली, “लेकरा, रस्त्याला काय इचारतो? आमची गल्ली कागदावर हाय का, ते इचार.”

आजीचा प्रश्न बरोबर होता. पण त्याआधी त्या उत्तराचा समाचार घेऊ.

दलित वस्ती सुधार योजना महाराष्ट्रात १९७४ पासून चालू आहे. आज तिचं नाव ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास’ असं आहे. (‘नवबौद्ध’ हा शब्द शासनाचा, आम्ही फक्त बौद्ध.) देशपातळीवर १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. तिच्यामागचा विचार सरळ होता. सर्वसाधारण योजनांचा पैसा आमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढायचा. तो दुसरीकडे वळवायचा नाही, खर्च झाला नाही म्हणून बुडवायचा नाही. शतकांचा जो अनुशेष साठला आहे, तो भरून काढण्यासाठी ही जादाची रक्कम. सर्वसाधारण हक्क होताच, त्यावर ही भर होती.

गावात ती भर पोचते तेव्हा तिची वजाबाकी होते. वस्तीच्या योजनेतून दोन-पाच वर्षांनी एक रस्ता आला, की गावाच्या बाकी सगळ्या निधीतून वस्ती वगळायला कारण मिळतं. म्हणजे जो पैसा आम्हाला गावात सामील करायला आला, त्याच पैशाच्या नावावर आम्हाला गावाबाहेर ठेवलं जातं.

ही युक्ती जुनी आहे. जातिव्यवस्थेने आम्हाला पाणी कायमचं नाकारलं असं कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, तुमची विहीर वेगळी. महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ साली केला होता. तो कागदावर पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते अस्पृश्यांसाठी दुसरं तळं खोदून द्या, हे सांगायला गेले नव्हते. सार्वजनिक तळं आमचंही आहे, हे त्यांना ओंजळीने सिद्ध करायचं होतं. त्याच १९२४ साली केरळात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला, तोही मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यासाठी. सार्वजनिक पैशाने जे बांधलं आणि राखलं, त्यावर सर्वांचा सारखा हक्क. या दोन्ही लढ्यांचा गाभा तोच. आज आम्ही ‘आमचा निधी, आमचा रस्ता’ एवढ्यावर समाधान मानलं, तर महाडच्या उलट्या दिशेने चाललो आहोत.

आमच्या जिल्ह्याला तर याची वेगळी आठवण आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः आले. बैलगाडीतून निघालेली त्यांची मिरवणूक इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. परिषद वतनाची होती. वतन म्हणजे काय? गावाचे रस्ते झाडायचे, वेशीवर राखण करायची, सरकारी माणसाला वाट दाखवायची, सांगावा घेऊन पायी जायचं, मेलेलं ढोर ओढायचं. गावाचा प्रत्येक रस्ता ज्यांच्या पायाखालून गेला, त्यांच्या दारापर्यंत मात्र गावाने रस्ता नेला नाही. म्हणून वस्तीच्या रस्त्याला ‘किरकोळ नागरी समस्या’ म्हणणाऱ्या मित्रांशी आमचं भांडण आहे. हा वतनाच्या हिशेबातला बाकी राहिलेला भाग आहे.

‘निधीच कमी येतो’ ही दुसरी सबब. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के भाग अबंधित. महाराष्ट्रात या अनुदानाचे ८० टक्के थेट ग्रामपंचायतींना मिळाले. म्हणजे गटार बंधित निधीतून, रस्ता अबंधित निधीतून, अशी सांगड घालता येत होती. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ठेवावा. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. उखडलेल्या रस्त्याची डागडुजी तर त्यातूनही होते. यातला एकही पैसा ‘वस्तीची योजना’ नाही. हा गावाचा पैसा आहे, आणि आम्ही गाव आहोत.

आराखडा हा कधीच नुसता तांत्रिक कागद नसतो, हे आमच्या जिल्ह्याने भूकंपानंतर पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची कितीतरी गावं नव्या जागी कोऱ्या कागदावर आखली गेली. तेव्हा घराचं माप ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. घर सगळ्यांचंच पडलं होतं, पण नवं घर मोजताना शासनाने जुनाच सातबारा हातात घेतला. ज्यांना जातीने जमीन मिळू दिली नाही, त्यांना भूकंपानंतरही लहानच घर. आखणीची मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न म्हणूनच राजकीय आहे.

न्यायालयांनीही हे ओळखलं आहे. हिमाचलमधल्या काही गावांतल्या गरीब, बहुतांश दलित रहिवाशांनी उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की आमच्याकडे येणारा रस्ता मध्येच अडवला आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ साली उमेदराम शर्मा खटल्यात न्यायालयाने म्हटलं, डोंगराळ भागातल्या माणसाला रस्ता म्हणजे जगण्याचीच वाट. तो कलम २१ च्या जीवनाच्या हक्कात येतो. निकाल डोंगराळ भागाबद्दल आहे हे खरं. पण पावसाळ्यात चिखलातून रुग्ण उचलून न्यावा लागणाऱ्या वस्तीला त्यातलं तत्त्व समजायला वकील लागत नाही.

आणखी एक खटला प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात शॉ नावाचं अडीच हजार वस्तीचं गाव. त्यात दीड हजार कृष्णवर्णीय. अँड्र्यू हॉकिन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी गावाच्या कारभाराविरुद्ध दावा लावला. कच्च्या रस्त्यांवरच्या घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के घरं कृष्णवर्णीयांची, आणि सांडपाण्याची वाहिनी नसलेल्या घरांपैकी ९७ टक्के त्यांच्याच वस्त्यांत. १९७१ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की हा भेदभाव आहे. कारभाऱ्यांच्या मनात काय होतं हे सिद्ध करायची गरज नाही, आकडे पुरे आहेत. त्यांनी घोषणा दिल्याच असतील, पण खटला जिंकला तो घरागणिक केलेल्या मोजणीने.

इथे आम्हाला आमच्याकडेही बोट दाखवलं पाहिजे. वस्तीच्या निधीतून आधी कमान हवी, समाजमंदिरापुढे फरशी हवी, असा आग्रह कोण धरतं? कितीतरी ठिकाणी आपणच. काम पोटठेक्याने ‘आपल्याच पोराला’ मिळालं की खडी किती, सिमेंट किती, हे विचारणारं तोंड गप्प होतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला जेवढी माणसं जमतात, त्याच्या विसाव्या हिश्श्याने तरी माणसं १ मेच्या ग्रामसभेला बसतात का? जयंती करू नका असं आम्ही म्हणत नाही, दणक्यात करा. पण सतरा दिवसांनी त्याच निळ्या गर्दीतले पन्नास जण ग्रामसभेत बसले, तर इतिवृत्त बदलतं.

काय करायचं, हे आता आजीच्या प्रश्नापासून सुरू करू. गल्ली कागदावर आहे का?

ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना नंबर २३ मध्ये असते. तो आधी पाहा. वस्तीचा रस्ता त्यात नसेल, तर त्यावर निधी टाकायला प्रत्येक जण हात वर करतो. दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा, नोंद नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा. कोणता रस्ता कोणाचा हेही शिकून घ्या. गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे, ग्राम मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. निवेदन चुकीच्या दारात दिलं की वर्ष वाया जातं.

मग वस्ती विकासाचा पाच वर्षांचा बृहत आराखडा मागा. सध्याचा २०२३-२४ ते २०२७-२८ चा आहे. त्यात वस्तीचं नाव आणि लोकसंख्या बरोबर आहे का, हे घराघरांत जाऊन पडताळा. अनुदानाची मर्यादा लोकसंख्येच्या पायऱ्यांवर ठरते. २०११ च्या शासन निर्णयात १० ते २५ लोकसंख्येला २ लाख आणि ३०० च्या पुढे २० लाख, अशी ती होती. माणसं कमी लिहिली गेली तर पैसाही कमी येतो.

तिसरी गोष्ट, शॉ गावासारखी मोजणी. टेप घ्या आणि सगळं गाव मोजा, फक्त आपली वस्ती नको. कुठल्या गल्लीत किती मीटर पक्का रस्ता, किती गटार, किती दिवे, आणि प्रत्येक काम कुठल्या निधीतून झालं. एका पानावर तक्ता करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. ‘तुमचा वेगळा निधी’ या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही. त्या तक्त्यात मातंग वस्ती, भटक्यांची पालं, मुस्लिम गल्ली आणि गरीब मराठ्याचं टोकाचं घरही येईल. आलंच पाहिजे. चिखल त्यांच्याही दारात आहे, आणि मागणी सार्वजनिक झाली तरच ती टिकते.

चौथी गोष्ट कामाच्या क्रमाची. आधी नळाची वाहिनी, मग गटार, मग रस्ता. उलटं झालं की वाहिनीसाठी नवा रस्ता फुटतो. जुन्या रस्त्यावर नवा थर चढवत गेलं की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत घ्या, उंची विचारा, झाल्यावर मोजमाप पुस्तिका पाहा, आणि दोष दायित्वाचा कालावधी किती आहे ते लिहून ठेवा. त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. महिला ग्रामसभेत हे सगळं बायांनी मांडावं. उंबऱ्यात आलेलं पाणी उपसतं कोण, हे त्यांना जास्त माहीत आहे.

काही मित्र विचारतात, सर्वसाधारण निधीत वाटा मागितला तर वेगळा निधीच काढून घेतील, मग? ही भीती खोटी नाही. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आंध्र, तेलंगणा, कर्नाटकात या निधीला कायद्याचं संरक्षण आहे. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात नाही. तो कायदा झालाच पाहिजे. पण वेगळा निधी राखायचा म्हणून सार्वजनिक हक्क सोडायचा, हा सौदा आम्हाला मान्य नाही. दोन्ही आमचे आहेत. एक झालेल्या अन्यायाची भरपाई आहे, दुसरा नागरिक म्हणून बरोबरीचा हिस्सा.

त्या गावातलं वळण अजून तसंच आहे. पण आता तिथल्या पोरांनी नमुना २३ ची नक्कल मागितली आहे आणि एका रविवारी टेप घेऊन सगळं गाव मोजलं आहे. पुढच्या ग्रामसभेत ते एकच वाक्य बोलणार आहेत: शाळेचा रस्ता शाळेत जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या दारापासून सुरू होतो.

तुमच्या गावातला रस्ता कुठे थांबतो? आधी ते मोजा, मग बोलू.

जय भीम!