खोडलेल्या ओळी

ज्या घरात दहावीचे मूल असते, त्या घरातली दिवाळी लांबूनही ओळखू येते. आकाशकंदील लागलेला असतो, पण मागच्या वर्षीचाच झटकून लावलेला. चकल्यांचा घाणा दुपारीच उरकतात, कारण संध्याकाळी क्लासची खास सुट्टीतली बॅच असते आणि त्याआधी चिरंजीवांना तासभर झोप हवी असते. किल्ला करायचा नाही, हे न बोलताच ठरलेले असते. आजोळी जाणे पुढच्या वर्षावर ढकललेले असते. पुढच्या वर्षी अकरावीचे क्लास असणार, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. भाऊबीजेला आलेला मामा पाटावर बसल्या बसल्या भाच्याला एक प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न काही फराळाविषयी नसतो.

उपदेशाची मात्र या घरात खरीखुरी दिवाळी असते. शेजारचे काका, आत्याचे यजमान, खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क असे सर्वजण आपापल्या परीने सांगून जातात. यांतल्या वडीलधाऱ्यांनी तर दहावी दिलेलीच नसते. त्यांची शालान्त परीक्षा अकरावीला होती. दहावीची पहिली तुकडी या परीक्षेला बसली ती १९७५ साली. म्हणजे जे आजोबा नातवाला ‘आमच्या वेळी’ म्हणून सांगतात, ते आयुष्याची वाट निवडताना नातवापेक्षा वर्षाने मोठे होते. एका वर्षाने असे काय होते, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना मी हे समजावून सांगायला नको.

या उपदेशकांच्या मेळाव्यात एक माणूस मात्र सहसा दिसत नाही. तो म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वीच त्या मांडवाखालून गेलेला, आता कॉलेजात असलेला मुलगा किंवा मुलगी. त्याला कोणी विचारत नाही. त्याचेच अजून धड काही झालेले नाही, तो काय सांगणार, असा एकंदरीत समज!

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. आमचे कॉलेज मध्य रेल्वेच्या वाटेवरचे. मुले बदलापूर-टिटवाळ्याकडून सकाळच्या लोकलने लोंबकळत येतात आणि राहिलेली झोप पहिल्या तासाला पुरी करतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे वाणिज्य आणि विज्ञान शाखेची मुलेही आता आमच्याकडे भाषेच्या तासाला येऊन बसतात. आनंदाने बसतात असे म्हणवत नाही. पत्रलेखन हा त्या तासाचा नेहमीचा विषय. नळाला पाणी येत नाही म्हणून महापालिकेला लिहिलेली पत्रे तपासून माझा जीव विटला होता. तेव्हा ऑगस्टमध्ये एके दिवशी मी फळ्यावर विषय लिहिला: ‘दहावीत असलेल्या स्वतःला पत्र लिहा.’ मायना काय घालायचा, असे एकाने लगेच विचारले. स्वतःला ‘तीर्थरूप’ म्हणता येत नाही आणि ‘चिरंजीव’ म्हणायला धीर होत नाही, ही अडचण खरीच होती. शेवटी ‘प्रिय’वर तडजोड झाली.

गठ्ठा घरी आणला आणि रात्री वाचायला बसले. पहाटे उठत जा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. अक्षर सुधार. आईला उलट बोलू नकोस. नुसते ‘एकवीस अपेक्षित’ वाचून भागत नाही, पुस्तक उघड. पत्रामागून पत्रे याच सुराची! हे सारे तर मी पालकांच्या तोंडून दर वर्षी ऐकते. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुले एरवी घरच्यांचे एक वाक्य पुरे होऊ देत नाहीत. पण आपल्याच पंधराव्या वर्षाशी बोलायची वेळ आली, की ती थेट आपल्या आईच्या आवाजात बोलू लागतात. आयांनी यावर धन्यता मानावी की काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र पत्रांपत्रांतला फरक दिसू लागला. आपले टक्के बहुतेकांनी सांगितलेच होते. ते सांगितल्यावाचून दहावीबद्दल बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. नव्वदीच्या आसपासची मुले दहावीतल्या स्वतःला लिहीत होती, की टक्क्यांना काही अर्थ नसतो, उगाच रक्त आटवू नकोस. पंचावन्न-साठवाली लिहीत होती, की बाबा रे, अर्थ असतो. आणखी पाच टक्के पडले असते तर घराजवळचे कॉलेज मिळाले असते आणि रोजचे लोकलचे धक्के वाचले असते. श्रीमंताने पैशाची निंदा करावी आणि गरिबाने त्याचे मोल सांगावे तशातलाच हा प्रकार, असे वरवर वाटेल. पण तेवढेच नव्हते. त्या नव्वदवाल्यांना टक्क्यांनी खरोखरच चकवले होते.

ते कसे, हे एका पत्रात फार चांगले उतरले आहे. आपल्या दहावीचा हिशेब असा, की विषय सहा, पण टक्के काढताना त्यांतले उत्तम पाच धरायचे. एक विषय त्यामुळे गुपचूप मागे ठेवता येतो आणि पुष्कळदा तो गणित असतो. पूर्ण शंभर गुणांचे संस्कृत घेतले, की टक्के आणखी वर चढतात. या मुलाला भाषा, संस्कृत आणि सामाजिक शास्त्रे यांच्या बळावर एक्क्याण्णव टक्के पडले. आता एक्क्याण्णव टक्क्यांचा मुलगा सायन्सला नाही जाणार तर कुठे जाणार? घरात या विषयावर चर्चा झालीच नाही; पेढ्यांबरोबर तीही बातमी वाटली गेली. ज्या गणिताला त्याने पाचांतून वगळले होते, तेच भौतिकशास्त्राचा वेष घेऊन अकरावीच्या पहिल्या आठवड्यात दारात उभे राहिले. पुढे दोन वर्षे क्लास, सीईटी, रात्रीची जागरणे. आणि अखेर बारावीनंतर इतिहास घेऊन बी.ए. आज तो आमच्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक आहे. दहावीतल्या स्वतःला त्याने एवढेच लिहिले होते, की टक्के बघू नकोस, गुणपत्रिका बघ. टक्के एका जागी असतात. तू कोण आहेस ते विषयांच्या सहा ओळींत लिहिलेले असते.

हा उपदेश मी यंदा दोन शेजाऱ्यांना ऐकवला. दोघांनीही तोच नेहमीचा युक्तिवाद केला, की सायन्स घेतले म्हणजे दारे उघडी राहतात. बारावी सायन्सवरून कलेला किंवा वाणिज्याला जाता येते, उलट मात्र येता येत नाही, हे खरेच आहे. हे दार लवकर लावून घेतल्याचा पस्तावाही गठ्ठ्यात होता. वाणिज्य शाखेच्या एका मुलीने अकरावीत गणित नको म्हणून त्याऐवजी सेक्रेटरिअल प्रॅक्टिस घेतली. पुढे संगणकाच्या पदवीकडे मन ओढले, तेव्हा तिला कळले की तिथे बारावीचे गणित मागतात. तेव्हा दारे उघडी ठेवू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण ज्या दारातून आत जायचे नाही हे सहा ओळींत स्वच्छ दिसत आहे, ते उघडे राहावे म्हणून दोन वर्षे उंबऱ्यावर उभे राहायचे, याला व्यवहार तरी कसे म्हणावे? आणि ज्याचे हात चालतात त्याला दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, ही वाट कित्येकांना बारावीनंतर कळते. तोवर त्याच बाकावरचा मित्र त्या वाटेने अर्ध्याहून पुढे गेलेला असतो.

आता माझ्या पोटदुखीचा विषय. अकरावीला बऱ्याच कॉलेजांत मराठीच्या जागी इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी घेता येते, आणि गुण मिळायला ती सोयीची म्हणून सायन्सची मुले मराठीला हसतमुखाने निरोप देतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. ते घ्यायला आलेल्यांत ही मुलेही होती. असो. सांगायचा मुद्दा असा, की अशाच एका मुलीने दहावीतल्या स्वतःला लिहिले होते, ‘मराठी सोडू नकोस.’ मी आशेने पुढे वाचू लागले. भाषेचे प्रेम, मातीचा गंध वगैरे काही तिथे नव्हते. तिने लिहिले होते, की गुण नाही मिळाले तरी चालतील, पण आपल्याला काय वाटते ते विचारणारा दिवसभरात तो एकच तास असतो.

या पत्राने मी जरा सावरून बसले, आणि गठ्ठा तिसऱ्यांदा हाती घेतला. मराठीच्या मास्तरणीला एक खोड असते, ती म्हणजे खोडलेले वाचण्याची. नीट लिहिलेल्यापेक्षा लिहून काट मारलेल्या जागी मुलाचे मन जास्त सापडते, असा माझा अनुभव आहे. कागद दिव्याकडे धरून मी त्या ओळी वाचू लागले. ‘पूर्वपरीक्षेचे मार्क आईला खरे’, आणि पुढे गिरगटलेले. ‘बीजगणित आठवीपासूनच कळत नव्हते, तेव्हाच कुणाला तरी’, आणि काट. एका मुलाच्या वडिलांनी क्लासची फी कर्ज काढून भरली होती. त्याला ते ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच क्लासात आपल्याला अक्षर कळत नाही, हे त्याने दोन वर्षे घरी सांगितले नाही. ही सगळी हकीकत त्याने चार ओळींत लिहून मग निळ्या शाईने पुरती बुजवून टाकली होती, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘वेळेचे नियोजन कर.’

स्वच्छ ओळींत सगळीकडे ‘कर’ होते. खोडलेल्या ओळींत ‘सांग’.

पुढच्या तासाला नावे न घेता मी हा विषय काढला. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘मॅडम, सांगितले असते तर काय झाले असते?’ आणि एकदम सगळा वर्गच बोलू लागला. शाळेत हात वर केला तर ‘मघाशी लक्ष कुठे होते?’ पुन्हा केला तर साठ मुले हसणार. घरी सांगितले तर आई गप्प होते आणि बाबा दुसरा क्लास लावतात. आता गणितासारखा विषय असा, की त्यात थकबाकी चालत नाही. आठवीत अवयव पाडता आले नाहीत, तर दहावीत वर्गसमीकरण सुटत नाही. आठवीत जी शंका पाच मिनिटांची होती, तिची दहावीत हजारो रुपयांची बॅच होते, आणि तोवर मुलाने ‘कळले का?’ या प्रश्नाला मान हलवायची कला पुरती साधलेली असते. एका मुलीची मागणी तर अगदीच साधी होती. बाबांनी निकालाच्या दिवशी ऑफिसला रजा टाकू नये, एवढेच तिला त्यांना सांगायचे राहून गेले होते!

ज्या भीतीपोटी हे सारे लपवले जाते, ती भीती नेमकी केवढी आहे याचे मोजमाप घरातल्या मोठ्यांनी एकदा घ्यायला हरकत नाही. दहावीत एखाद्या विषयात दांडी गुल झाली तर पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि वर्ष हातचे जाई. २०१५ पासून फेरपरीक्षा निकालापाठोपाठ जुलैतच होऊ लागली. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करून घेता येते, गुण कमी वाटले तर श्रेणी सुधारायला पुन्हा बसता येते. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची आणि त्यातल्या मुलांचे पेढा भरवतानाचे फोटो वर्तमानपत्रांत यायचे, तेही केव्हाच बंद झाले. ‘वर्ष वाया जाईल’ हे वाक्य मात्र आपल्या घरांतून ज्या आवाजात म्हटले जायचे त्याच आवाजात अजून म्हटले जाते. यांतले किती नियम दहावीत असताना माहीत होते, असे मी वर्गात विचारले तेव्हा फार थोडे हात वर आले. ते बहुतेक अशा मुलांचे होते, की ज्यांना त्या नियमांचा आधार घ्यावा लागला होता.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ नववीत आहे. तिला तिचे पत्र परत हवे होते, त्याला द्यायला. मी म्हटले, ने की. पण खोडलेल्या ओळींसकट पुन्हा लिहून काढ. तिने तसे केले आणि रात्री भावाच्या दप्तरात ठेवले. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या उशीवर घटक चाचणीचा बीजगणिताचा पेपर येऊन पडला, वीसपैकी चार गुणांचा. पालकांच्या सहीची जागा कोरी. ताईने सही करावी, एवढीच त्याची अपेक्षा असावी. तिने केली नाही. ‘मी येते तुझ्याबरोबर,’ असे म्हणाली, आणि बाबा जेवून उठल्यावर दोघे मिळून त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. पुढे काय झाले ते तिने मला सांगितले नाही. गेल्या आठवड्यात मात्र ती तासाला उशिरा आली. कारण विचारले तर म्हणाली, रात्री बाबा भावाला अवयव शिकवत बसले होते. त्यांनाही येत नव्हते, म्हणून बारा वाजले.